सहासष्ट अंश

तीस वर्षं मी फ्रीज दुरुस्त केले
असोळण्यापासून काणकोणापर्यंत.
थंड करणं हाच धंदा.
आणि आता मिंगेल म्हणतो, गरम ठेव.
तापवू नकोस, उकळू नकोस,
नुसतं ठेव. सहासष्टावर. तासभर.

मिंगेल बोटीवरून कायमचा परतला तो
पाठीचं दुखणं घेऊन,
आणि रॉटरडॅममध्ये प्यालेल्या एका बियरची चव
जिभेखाली धरून.
गोव्यात बियरला काय तोटा, लोक हसले.
तो हसला नाही. त्याने मला जवाचं माल्ट चावायला दिलं.
भाजलेल्या भाकरीच्या कडेसारखं लागलं.

साठीच्या जवळ घसरलं तर बियर कोरडी, पातळ.
सत्तरी ओलांडली तर गोड नि जड.
मध्ये एवढीशी जागा.
त्याने परदेशी यंत्राची किंमत दाखवली.
मी म्हटलं, एवढ्यात माझी स्कूटर येते,
मागे बसणाऱ्यासकट.

मग कुटबणच्या जेटीवरून मासळीची आईसबॉक्स आणली.
चुना, सोडा, तीन दिवस ऊन.
बांगडा गेला,
पण झाकण उघडलं की अजून कोणीतरी खोकतं.
तळाशी इडलीपात्राची चाळण.
एसीच्या कामातून उरलेली नवी तांब्याची नळी
रंगाच्या डब्याभोवती गुंडाळून वेटोळं केलं,
ते स्टीलच्या पिंपात, गरम पाण्यात, गीझरच्या कॉइलशेजारी.
सोलरवाल्याचा मुठीएवढा पंप.
आणि कंट्रोलर लुतोलीच्या पोल्ट्रीतला,
अंडी उबवायच्या पेटीचा.
जन्मभर सदतीस पाहिलेला तो,
पन्नासाच्या पुढे आकडा गेला की
मला वाटायचं, बिचकतोय.

एकूण तीन हजार दोनशे चाळीस. वहीत आहे.

आधी नुसत्या पाण्यावर चालवलं.
आकडा सहासष्ट, बोट म्हणतं जास्त.
दोन रविवार गेले तेव्हा कळलं:
सेन्सर होता धान्याच्या मधोमध, तिथे ऊब उशिरा पोचते,
तोवर पिंपातलं पाणी पुढे धावलेलं.
सेन्सर वेटोळ्याच्या तोंडाशी आणला, जिथून रस बाहेर येतो.
गिऱ्हाइकांना हेच सांगत आलो होतो तीस वर्षं.
फ्रीज काय म्हणतो ते विचारू नका,
कुठे हात लावून विचारता ते बघा.

तिसऱ्या रविवारी माल्ट.
रस खालून निघतो, तांब्यातून फिरतो,
वरून परत धान्यावर पडतो.
आधी पेजेसारखा गढूळ,
मग हळूहळू असा, की पेल्याच्या पलीकडे
मिंगेलचा अंगठा दिसावा.
सुलक्षाने चमचाभर चाखला.
ती बियर पीत नाही. म्हणाली, याची खीर होईल.

पंचविसाव्या मिनिटाला वीज गेली.

पंप गप्प. आकडा काळा.
मिंगेल कोकणीत असं काही बोलला
जे बोटीवरच शोभतं.
मी टेस्टर हातात धरून उभा,
वीज नसताना टेस्टरने काय करायचं असतं!
सुलक्षाने बॉक्सवर गोधडी टाकली,
तळाच्या तोटीखाली पातेलं धरलं,
गॅसवर जरासं ऊन केलं,
आणि झाकण इतकंसं सारून
पळीने ओतू लागली, गोल, कडेकडेने.
पातेल्यात बोट बुडवायची,
एक म्हणायच्या आत काढायची.
दोन म्हणता आलं तर अजून गॅसवर.
कोणी शिकवलं, मी विचारलं.
म्हणाली, कोण शिकवणार, बोटच भाजतं ना.

पस्तीस मिनिटं.
मिंगेल पातेली बदलत होता,
मी मोबाईलचा उजेड धरून.
तिघांमध्ये मीच तेवढा मेकॅनिक.

वीज आली.
आकडा लुकलुकला, पासष्ट पूर्णांक आठ.
मी पाहिला. मिंगेलने छातीवर क्रूस काढला.
तिने वर बघितलंच नाही.
पंप कुरकुरत सुरू झाला, नळीतून धार पडू लागली,
आणि तिच्या शेजारी अजून दोन पळ्या
ती ओतत राहिली.